लाज जाण्याची वाट न पाहता डॉक्टरांकडे कसे जावे

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणाऱ्यांचे वय ४३ आहे. गेले सात-आठ महिने शौचाच्या वेळी त्यांना अधूनमधून रक्त पडते आणि कधी कधी नंतर बराच वेळ आग होत राहते. मूळव्याध असावी असे समजून त्यांनी औषधांच्या दुकानातून मलम आणून लावले. डॉक्टरांची वेळ दोनदा घेतली आणि दोन्ही वेळा ऐनवेळी रद्द केली. घरात कोणालाही सांगितलेले नाही. ते लिहितात, ‘आजाराची तेवढी भीती वाटत नाही, पण कपडे उतरवून त्या जागी तपासून घ्यायचे या विचारानेच पोटात गोळा येतो. ही लाज कशी घालवावी?’

मी शल्यचिकित्सक आहे आणि गेली २६ वर्षे मुख्यतः आतडे व गुदद्वार यांच्या आजारांवर उपचार करतो. या प्रश्नाचे उत्तर मी पूर्वी वेगळे देत असे. ‘यात लाजण्यासारखे काही नाही’ असे सांगून मोकळा होत असे. ते वाक्य खरे असले तरी कोणाच्याही उपयोगी पडत नाही, हे मला उशिरा कळले. ज्याला लाज वाटते त्याला ती वाटतेच, आणि वाटू नये असे सांगितल्याने लाजेच्या जोडीला लाज वाटल्याचा अपराधीपणा येतो. म्हणून प्रश्नातील क्रम बदलावा अशी माझी पहिली विनंती आहे. आधी लाज घालवायची आणि मग डॉक्टरांकडे जायचे, असे ठरवणारे लोक वर्षानुवर्षे घरीच राहिलेले मी पाहिले आहेत. लाज जाते ती पहिली तपासणी झाल्यावर, त्याआधी सहसा नाही. ती सोबत घेऊनच दवाखान्यात जायचे आहे, आणि ती असतानाही काम कसे पार पाडायचे एवढेच शिकायचे आहे.

ज्याला आपण सरसकट लाज म्हणतो, त्यात निरनिराळ्या गोष्टी मिसळलेल्या असतात. कोणाला शरीर उघडे करण्याचा संकोच असतो. कोणाला आपला त्रास कोणत्या शब्दांत सांगावा हेच सुचत नाही. कोणाला डॉक्टर आपल्या स्वच्छतेविषयी, सवयींविषयी किंवा चारित्र्याविषयी काही मत करून घेतील असे वाटते. आणि पुष्कळांच्या बाबतीत लाजेच्या आड निदानाची भीती दडलेली असते, कारण ‘मला लाज वाटते’ असे स्वतःशी म्हणणे ‘मला कर्करोग असेल का, या विचाराने मी घाबरलो आहे’ असे म्हणण्यापेक्षा सोपे असते. आपल्या बाबतीत यांतले नेमके काय आहे हे शांतपणे पाहावे, कारण प्रत्येकाचा उपाय वेगळा आहे. आपण ‘आजाराची तेवढी भीती वाटत नाही’ असे आवर्जून लिहिले आहे. ते तसे असेलही, परंतु हे वाक्य मी ज्यांच्याकडून ऐकतो, त्यांच्या मनात भीतीच मोठी असते असा माझा अनुभव आहे.

डॉक्टरांचे मत काय होईल, या शंकेविषयी मी अधिकाराने बोलू शकतो. तपासणीच्या वेळी माझ्या मनात काय असते ते सांगतो. रक्त लाल आहे की काळपट, ते शौचाला चिकटून येते, त्यात मिसळलेले असते की शेवटी थेंबाथेंबाने पडते, दुखणे आधी असते की नंतर, वजन उतरले आहे का, चेहरा फिकट दिसतो का, घराण्यात कोणाला आतड्याचा कर्करोग झाला होता का, या प्रश्नांची माळ डोक्यात चालू असते. तेथे माणसाविषयी मत बनवायला जागाच उरत नाही. केस काढलेले नाहीत, घाम आला आहे, अंतर्वस्त्र जुने आहे, वारा सरला, तपासताना लिंगात नकळत ताठरता आली, अशा ज्या गोष्टींनी रुग्ण मनातल्या मनात मेल्याहून मेल्यासारखा होतो, त्या आमच्या दृष्टीने शरीराच्या स्वाभाविक हालचाली आहेत. खोलीचे दार उघडून पुढचा रुग्ण आत येईपर्यंत त्या आम्हाला आठवतही नाहीत. आठवते ते उशिरा आलेल्या रुग्णांचे दुखणे.

संकोच हा वैद्यकाला नवा नाही, आणि तो फक्त रुग्णालाच वाटतो असेही नाही. १८१६ मध्ये पॅरिसमध्ये रेने लेनेक या डॉक्टरांकडे हृदयविकाराची लक्षणे असलेली एक तरुणी आली. त्या काळी हृदयाचे ठोके ऐकण्यासाठी रुग्णाच्या छातीला थेट कान लावावा लागत असे आणि तिच्या बाबतीत तसे करणे त्यांना प्रशस्त वाटले नाही. त्यांनी कागदाची घट्ट सुरळी केली, तिचे एक टोक छातीवर आणि दुसरे कानाला लावले, तेव्हा ठोके नुसत्या कानापेक्षाही स्पष्ट ऐकू आले. त्यातून स्टेथोस्कोप जन्माला आला. मला या घटनेतली एक गोष्ट फार महत्त्वाची वाटते. लेनेक यांनी संकोच नाकारला नाही आणि संकोचापायी तपासणीही सोडली नाही. दोन्ही सांभाळणारी वाट काढली. आपणही तेच करायचे आहे.

वाट कशी काढायची, याचा मोठा भाग शब्दांत आहे. माझ्याकडे एक बाई सहा महिने कंबरदुखीची तक्रार घेऊन येत होत्या. तपासण्या होत होत्या, काही सापडत नव्हते. एके दिवशी उठून दारापर्यंत गेल्यावर त्या वळल्या आणि हळू आवाजात म्हणाल्या, ‘आणखी एक होते, बाळंतपणापासून मला शौचाचा ताबा राहत नाही.’ त्यासाठी त्या येत होत्या. बाळंतपणात गुदद्वाराभोवतीच्या स्नायूला इजा झाली की असे होऊ शकते आणि त्यावर व्यायामापासून शस्त्रक्रियेपर्यंत उपाय आहेत. परंतु जे कानावर आलेच नाही त्यावर मी उपाय काय करणार? खरी तक्रार शेवटी, जाता जाता सांगणारे रुग्ण प्रत्येक डॉक्टरला भेटतात. तोपर्यंत त्यांच्या भेटीची वेळ संपलेली असते. म्हणून खरी तक्रार पहिल्या वाक्यातच सांगावी, आणि ते वाक्य घरीच तयार करावे.

वाक्य शास्त्रीय असण्याची मुळीच गरज नाही. ‘खाली त्रास आहे’ एवढ्यावर मात्र थांबू नये, कारण ‘खाली’ या शब्दात लघवीची जागा, योनी, वृषण, गुदद्वार आणि जांघ असे सगळेच येते आणि डॉक्टरांना एकेक प्रश्न विचारत जावे लागते, म्हणजे संकोचाचा काळ उलट लांबतो. ‘शौचाच्या जागेतून रक्त येते’, ‘खोकले की लघवी सुटते’, ‘अंगावरून पांढरे जाते आणि खाज येते’, ‘अंग बाहेर आल्यासारखे वाटते’, ‘संबंधाच्या वेळी ताठरता टिकत नाही’, ही साधी वाक्ये पुरेशी आहेत. आपण घरात जो शब्द वापरता तो वापरला तरी आम्हाला कळतो. तोंडून शब्द निघणारच नाही असे वाटत असेल तर चिठ्ठी लिहून न्यावी. त्रास केव्हापासून, किती वेळा, कशाने वाढतो, आतापर्यंत काय लावले किंवा घेतले, एवढ्या चार ओळी पुरतात. शौचाचे वर्णन करणे ज्यांना अवघड वाटते त्यांच्यासाठी ब्रिस्टल तक्ता नावाची सोय आहे. त्यात कडक खड्यांपासून पाण्यासारख्या पातळ शौचापर्यंत सात प्रकार चित्रांसह दिलेले आहेत आणि रुग्णाने नुसता क्रमांक सांगितला तरी चालते. शिवाय एक छोटे वाक्य सुरुवातीलाच म्हणून टाकावे: ‘हे सांगायला मला फार संकोच वाटतो.’ ते ऐकल्यावर बहुतेक डॉक्टर सावकाश होतात, आवाज खाली आणतात आणि पडदा नीट ओढला आहे ना, हे पाहतात.

आता प्रत्यक्ष तपासणीविषयी सांगतो, कारण माहीत नसलेल्या गोष्टीची कल्पना मनात वाढत जाते. आपल्याला डाव्या कुशीवर, गुडघे पोटाशी घेऊन झोपायला सांगतील. कमरेखालचे कपडे लागतील तेवढेच खाली करायचे असतात आणि अंगावर चादर असते. आधी नुसते पाहतात. मग हातमोजा घालून, बोटाला घसरण देणारी जेली लावून, बोट हळूच आत घालून तपासतात. या वेळी तोंडाने सावकाश श्वास सोडत राहावे, त्याने स्नायू सैलावतो. शौचाला होईल असे वाटते, पण होत नाही. ती केवळ तिथल्या नसांची जाणीव असते. हे सारे सहसा एका मिनिटाच्या आत आटोपते. त्यानंतर गरज वाटली तर प्रॉक्टोस्कोप नावाची आखूड नळी घालून आतली त्वचा पाहतात, तिलाही फार वेळ लागत नाही. फार दुखत असेल तर तसे सांगावे. गुदद्वाराला चीर पडलेली असली, म्हणजे फिशर असले, तर चांगला डॉक्टर बोट घालण्याचा आग्रह धरत नाही. बाहेरून पाहून निदान करतो, आधी दुखणे कमी करतो आणि आतली तपासणी पुढच्या भेटीत करतो.

तपासणीआधी काही अटी घालण्याचा आपल्याला पूर्ण अधिकार आहे आणि त्या घातल्याने कोणी दुखावत नाही. पुरुष डॉक्टर हवेत की स्त्री डॉक्टर, हे वेळ घेतानाच सांगता येते. तपासताना परिचारिका किंवा आपले माणूस खोलीत असावे अशी मागणी करता येते. याउलट, सोबत आलेल्या पतीने, पत्नीने किंवा आईवडिलांनी थोडा वेळ बाहेर थांबावे, असेही डॉक्टरांना सांगता येते. पुष्कळ तरुण मुले-मुली केवळ शेजारी आई बसली आहे म्हणून खरे सांगत नाहीत. काय करणार आहात ते आधी सांगा, असे म्हणावे. मध्येच ‘थांबा’ म्हटले की डॉक्टरांनी थांबलेच पाहिजे.

आपल्या तक्रारीकडे वळतो. गुदद्वाराच्या आतल्या बाजूस असलेल्या मूळव्याधीतून रक्त येते पण सहसा दुखत नाही, कारण तेथील आवरणाला वेदनेची जाणीव जवळजवळ नसते. कडेच्या त्वचेला मात्र भरपूर नसा असतात, म्हणून फिशरमध्ये शौचाच्या वेळी चिरल्यासारखे दुखते आणि नंतर कितीतरी वेळ आग होत राहते. आपले वर्णन वाचून मला फिशरची शक्यता अधिक वाटते. असे असेल तर आहारात तंतुमय पदार्थ, भरपूर पाणी, कोमट पाण्यात बसणे आणि स्नायू सैल करणारे मलम एवढ्यावर अनेकांचे फिशर काही आठवड्यांत भरून येते. म्हणजे ज्यासाठी आपण आठ महिने झोप घालवली ते कदाचित दीड-दोन महिन्यांत बरे होण्यासारखे असेल. परंतु हे न तपासता ठामपणे सांगता येत नाही आणि येथे मला स्पष्ट बोलले पाहिजे. मूळव्याध किंवा फिशर सापडले म्हणून त्याच्या वर, आतड्यात दुसरे काही नाही असे होत नाही. एक गृहस्थ दोन वर्षे मूळव्याधीचे मलम लावत राहिले आणि जेव्हा आले तेव्हा गुदाशयातली गाठ माझ्या बोटाला लागली. बोट सुमारे सात-आठ सेंटिमीटरपर्यंत पोचते. ती गाठ त्या अंतराच्या आतच होती. दोन वर्षांपूर्वी त्या एका मिनिटाने बहुधा पुष्कळ काही वाचले असते. आतड्याचा कर्करोग बहुतेक वेळा पॉलिप नावाच्या निरुपद्रवी मांसल वाढीतून, अनेक वर्षांच्या कालावधीत तयार होतो आणि त्या अवस्थेत तो दुर्बिणीतूनच काढून टाकता येतो. म्हणून ४३ व्या वर्षी आठ महिने रक्त जात असेल तर डॉक्टर कोलोनोस्कोपी, म्हणजे दुर्बिणीने मोठ्या आतड्याची तपासणी, सुचवतील. ते सुचवले म्हणजे काही भयंकर सापडले, असा अर्थ लावू नये. ती तपासणी बहुधा गुंगीचे औषध देऊन करतात. तिच्या आधी पोट साफ करण्याचे औषध घेणे हाच तिचा खरा त्रासदायक भाग आहे. शौच डांबरासारखे काळे आणि चिकट होत असेल, शौचाची सवय बदलली असेल, वजन उतरत असेल किंवा चढताना दम लागत असेल, तर मात्र एक दिवसही थांबू नये.

ज्यांची तक्रार वेगळी आहे पण संकोच हाच आहे, अशा वाचकांसाठी काही गोष्टी येथेच लिहितो. ताठरता कमी होणे हा पुरुषत्वाचा प्रश्न समजून लोक गुप्त जाहिरातींच्या मागे लागतात. लिंगाला रक्त पुरवणाऱ्या धमन्या सुमारे एक ते दोन मिलिमीटर रुंदीच्या असतात, हृदयाच्या धमन्या तीन ते चार मिलिमीटरच्या. चरबी साचून धमन्या अरुंद होऊ लागल्या की अरुंद धमनी आधी तक्रार करते, म्हणून हा त्रास काही वेळा हृदयविकाराच्या काही वर्षे आधी दिसतो. मधुमेह आणि रक्तदाबही काही वेळा याच दाराने प्रथम उघडकीस येतात. रक्तदाबाच्या किंवा नैराश्याच्या काही औषधांनीही असे होते. तेव्हा लाजेपोटी औषध परस्पर बंद करण्यापेक्षा डॉक्टरांना सांगितले की औषध बदलता येते.

खोकताना, शिंकताना लघवी सुटणे हे वयाचे आणि बाळंतपणाचे भोग म्हणून स्त्रिया सोसत राहतात. ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंचे व्यायाम अमेरिकी स्त्रीरोगतज्ज्ञ अरनॉल्ड केगेल यांनी १९४८ मध्ये मांडले, आणि नीट शिकून तीन महिने नेमाने केले तर ते अनेकींना पुरतात. पाळी कायमची थांबल्यानंतर पुन्हा रक्त दिसले तर ते एकदाच आणि थेंबभर असले तरी तपासून घ्यावे. जांघेतल्या नायट्यावर दुकानातून आणलेले स्टेरॉइडमिश्रित मलम लावले की खाज दोन दिवसांत थांबते, पण बुरशी आत पसरत जाते आणि नायट्याचे रूप इतके बदलते की नंतर ओळखणेही अवघड होते. वृषणाचा कर्करोग हा तरुणांचा आजार आहे, विशेषतः १५ ते ३५ या वयातला. लवकर सापडला तर तो बहुतेकांचा पूर्ण बरा होतो, आणि त्याची खूण बहुतेकदा केवळ न दुखणारी गाठ एवढीच असते.

काही प्रसंगी मात्र लाजेला तासाचाही अवधी देता येत नाही. वृषणात अचानक तीव्र दुखू लागले तर ते पिळवटलेले असू शकते आणि साधारण सहा तासांच्या आत शस्त्रक्रिया झाली तरच ते वाचण्याची चांगली आशा असते. किशोरवयीन मुले हे दुखणे ‘पोटात दुखते’ असे सांगतात, हे पालकांनी लक्षात ठेवावे. ताठरता चार तासांहून अधिक टिकून राहिली, किंवा कंबरदुखीबरोबर बसण्याच्या जागी बधिरपणा आला आणि लघवी अडली, तर मध्यरात्र असली तरी रुग्णालय गाठावे.

माझ्या व्यवसायाची बाजूही प्रामाणिकपणे मांडली पाहिजे. सगळे डॉक्टर संकोच सांभाळतात असे नाही. माझ्या उमेदवारीच्या काळात एका तरुणाला मी पडदा अर्धवट उघडा असताना, मोठ्या आवाजात, त्याच्या लैंगिक संबंधांविषयी प्रश्न विचारला होता. तो मान खाली घालून उठला आणि पुन्हा आला नाही. त्याचे निदान काय होते, त्याने पुढे कोठे उपचार घेतले की नाही, हे मला आजतागायत कळलेले नाही, आणि तो प्रसंग आठवला की मला अजूनही वाईट वाटते. आपल्याला असा अनुभव आला, कोणी हसले, उपदेश केला, घाई केली किंवा न तपासता चिठ्ठी लिहून दिली, तर दोष आपला नाही. दुसरे डॉक्टर पाहावेत. आणि आधीच्या अनुभवामुळे आपण घाबरलो आहोत, हे नव्या डॉक्टरांना सांगावे.

आता तिसऱ्या वेळेविषयी सांगतो. दोनदा ऐनवेळी रद्द केले आहे, म्हणजे आपला धीर ठरवताना टिकतो आणि वाट पाहताना सुटतो. म्हणून शक्यतो सकाळची पहिली वेळ मागावी आणि ती याच आठवड्यातली असावी. वेळ घेताना ‘तपासणी’ एवढेच सांगितले तरी चालते, फोनवरच्या व्यक्तीला कारण सांगणे बंधनकारक नाही. उपाशीपोटी जाण्याची गरज नाही. नेहमीप्रमाणे शौच उरकून, स्वच्छ धुऊन जावे आणि त्या दिवशी मलम लावू नये. घरातल्या एका व्यक्तीला फक्त एवढे सांगावे की मला अमुक वेळी डॉक्टरांकडे जायचे आहे, दारापर्यंत सोबत ये. कशासाठी ते नंतर सांगितले तरी चालेल. चिठ्ठी आज रात्रीच लिहून पाकिटात ठेवावी, आणि आत गेल्यावर आवाज फुटला नाही तर ती डॉक्टरांच्या हातात द्यावी.